विंचवाचा रेणू

आई आतल्या खोलीत गुडघेदुखीने कण्हत होती. बाहेर माझ्या कॉम्प्युटरवर विंचवाच्या विषातला रेणू वेदनेच्या नसेचं दार शोधत होता. त्यातूनच औषध घडवायचं होतं.

रेणू दारात फिट्ट बसला आणि कण्हणं थांबलं.

योगायोग असेल. मी रेणू मागे ओढला.

"अगं आई गं!" आतून आवाज आला.

पुन्हा बसवला. शांत.

राहू दे तसाच, म्हटलं, तेवढंच तिला बरं वाटेल.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. आई तापलेल्या शेगडीवर तळहात टेकवून उभी होती. "बघ, आधाराशिवाय उठले!"

मी तिच्या तळहाताखाली बोटं घालून तो शेगडीवरून सोडवला, धावत जाऊन कॉम्प्युटरची वायरच उपटली. स्क्रीन काळी झाली. आता ती किंचाळणार.

आई गुणगुणत होती.

वायर धरलेली माझी बोटं करपलेली होती. काहीच दुखत नव्हतं.