सतरा नंबरचा निळा दरवाजा

“साम्राज्यं शत्रूमुळे बुडत नाहीत, पक्षपातामुळे बुडतात!” मिल्टन अ‍ॅशबी हात उंचावून म्हणाला, आणि त्याच क्षणी हिरवळीतला फवारा सुरू होऊन त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

रोंडा प्रुइट अर्धा मिनिट आधीच फरशीवर सरकली होती.

“कुणाचा फवारा कधी उडतो हेसुद्धा तुम्हाला पाठ आहे,” अ‍ॅशबी पँट पिळत म्हणाला. “वा! हे मी लिहून घेतो.”

रोंडाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वसाहतींच्या व्यवस्थापकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं अ‍ॅशबीला चौकशीसाठी धाडलं होतं. समोरच्या घरातल्या हॅरल्डनं तक्रार केली होती, की सतरा नंबरचा दरवाजा चौदा महिने निळाच आहे आणि व्यवस्थापकबाई डोळ्यांवर कातडं ओढून बसल्या आहेत.

फ्लोरिडातल्या या निवृत्तांच्या वसाहतीत दरवाजाला तीनच रंग चालत: वाळू, ओली वाळू आणि उन्हातली वाळू. या तिन्हींतला फरक अजून कुणाला सांगता आलेला नव्हता. निळा मात्र मोतीबिंदूवाल्यांनाही दिसे.

रोंडानं ते प्रमाणपत्र तिसऱ्या खेपेला मिळवलं होतं, पन्नाशीला टेकल्यावर, धुलाईयंत्राच्या खडखडाटात पोटनियम घोकून. ते टिकवायला दर दोन वर्षांनी वर्गात बसावं लागे. ‘संतापलेल्या सभासदाशी संवाद’ हा वर्ग तिनं दोनदा केला होता. आज ते गेलं तर नोकरी गेली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी तिला दारात कोण उभं करणार होतं?

“आधी तुमचं प्रतिज्ञापत्र,” अ‍ॅशबीनं कागद काढला. “या वसाहतीत कुणाशी रक्ताचं, लग्नाचं किंवा धंद्याचं नातं नाही. कुणाकडून भेट घेतलेली नाही. बरोबर?”

“केक घेतला होता,” रोंडा म्हणाली. “नाताळात. लिंबाचा.”

“अख्खा?”

“एक तुकडा. बाकीचा ऑफिसनं खाल्ला.”

“तुकडा चालतो,” अ‍ॅशबी गंभीरपणे म्हणाला, आणि तिनं सही केली.

गाडीच्या डिकीतली जुनी निळी हत्यारपेटी उघडून तिनं रंगांचा तक्ता काढला. अ‍ॅशबीनं दरवाजाचा रंग नखानं खरवडून पाहिला. नखच तुटलं.

“कसला रंग आहे हा?”

“बोटीचा. खारं पाणी लागलं तरी वीस वर्षं हलत नाही. इथल्या बाईंच्या यजमानांनी उरलेला डबा संपवला. ते त्यांचं शेवटचं काम. पुढच्याच आठवड्यात गेले.”

“हे सगळं फाइलमध्ये आहे?”

“फाइल जाड आहे,” रोंडा म्हणाली.

दार उघडलं. मिसेस लव्हॉन स्टुकेल काठी टेकत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वय एक्याऐंशी. दर सभेत पहिल्या रांगेत बसून त्या व्यवस्थापकांची सालटी काढीत, आणि ते ऐकायला लोक जेवण लवकर उरकून येत.

“या, मॅनेजरबाई! आज साक्षीदार घेऊन आलात? चेहरा बघा कसा उतरलाय. उपाशीपोटी दंड करायला निघालात वाटतं?”

“मिसेस स्टुकेल, ही शेवटची नोटीस.” रोंडानं कागद पुढे केला. “दहा दिवसांत रंग बदला. नाहीतर वसाहतीच्या मंडळाची माणसं येऊन खरवडतील.”

“येऊ देत की! वॉल्टनं गुडघे टेकून रंगवलंय हे दार. खरवडणाऱ्याचे गुडघे या काठीनं फोडीन.”

“बाई, नियम सगळ्यांना सारखा,” रोंडा म्हणाली. आवाज इतका कोरडा होता, की अ‍ॅशबीनं समाधानानं मान हलवली.

“सारखा! अहो, तुमच्या त्या उन्हातल्या वाळूपेक्षा माझ्या कवळीला रंग जास्त आहे!” म्हातारी अ‍ॅशबीकडे वळली. “आणि मी नाही म्हटलं तर? हिचं काय करणार तुम्ही?”

“पक्षपात सिद्ध झाला असं धरू. यांचं प्रमाणपत्र जाईल.”

“आणि नोकरी?”

“ती प्रमाणपत्राबरोबरच जाते.”

काठी दुसऱ्या हातात घेऊन म्हातारीनं दरवाजाच्या निळ्या फळीवरून तळवा फिरवला, वरून खाली, एकदाच. रोंडा रंगांच्या तक्त्याकडे बघत राहिली.

“पेन द्या,” म्हातारी म्हणाली. “कुठे करायची सही? आणि तो कुठला रंग म्हणालात? ओली वाळू? चालेल. आता मेलं काय.”

सही करून तिनं दार लावून घेतलं.

अ‍ॅशबी गाडीपर्यंत भारावल्यासारखा चालत गेला. “वीस वर्षं हे काम करतोय,” तो म्हणाला. “घरचं माणूस असतं, तर इतकं कठोर होणं कुणाला जमलं नसतं. आणि तिचं मन बघा! हाडवैर असून तुमची कीव आली तिला.”

“हो,” रोंडा म्हणाली.

रोंडाच्या प्रमाणपत्राच्या मुदतवाढीचा कागद गाडीच्या टपावर ठेवून त्यानं पेन उघडलं. हॅरल्ड समोरच्या ओसरीत उभा राहून मान लांब करून बघत होता. अ‍ॅशबीचं ‘मिल्टन’ लिहून झालं होतं, आडनाव तेवढं बाकी होतं, तेवढ्यात मागे सतरा नंबरची स्वयंपाकघराची खिडकी करकरत उघडली.

“रोंडी! अगं, रविवारी रंग द्यायला येशील ना, तेव्हा त्या पेटीतला बाबांचा रुंद ब्रश विसरू नकोस. आणि येताना थोडं दूध आण.”