आपल्याच बूथवर

महाडला मतमोजणी उरकली आणि दत्ताराम दुपारच्या जीपने पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी परतला. साहेब पडले होते. पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्याच्या स्वतःच्या गावच्या बूथवर साहेब मागे होते. मोजणीच्या टेबलाशी तो त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसला होता; आकडा वाचला गेला तेव्हा शेजारचे कार्यकर्ते त्याच्याकडे बघून हसले होते.

तो घरात शिरलाच नाही. थेट गावाच्या टाकीवर गेला, बौद्धवाडीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याचं चाक काढून खिशात घातलं. मतं वाडीनेच फिरवली, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत आला.

थोड्या वेळाने वाडीतल्या सोमाची बायको मंजुळा त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती विनवायला आली नव्हती. टाकी सरकारी योजनेची आहे आणि आपला मुलगा बुद्धरत्न अर्ज घेऊन पोलिसांकडे निघाला आहे, एवढं तिने सांगितलं.

"मत कुणाला दिलं ते सांगणार नाय, दादा," ती म्हणाली. "पाण्याचं तेवढं बोला."

ज्याला निवडून दिलं त्याच्याकडे पाणी मागा, असं दत्ताराम म्हणाला.

ओटीवर त्याची बायको रंगूबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"मग आपल्या घरचं पण बंद करा," ती म्हणाली. "मी साहेबांचं बटन नाय दाबलं."

दत्तारामला ते पटकन उमगलंच नाही. लग्न झाल्यापासून दर निवडणुकीला तो तिला निशाणी सांगत आला होता.

"कशापायी गो?"

पावसाळ्यात दरड येऊन रस्ता बंद पडला आणि सून अनुपमा बाळंतपणात अडली, तेव्हा तो साहेबांना फोन लावत बसला होता, याची तिने आठवण दिली. साहेबांनी फोन उचलला नव्हता.

"झोळीला खांदा ह्यांच्या पोरांनी दिला," ती मंजुळाकडे बघून म्हणाली. "चिखलातनं, पार खालच्या रस्त्यापर्यंत."

रंगूबाई उठली, आतून हंडा घेऊन आली आणि मंजुळाला म्हणाली, चल, मी पण येते नदीवर.

मंजुळा जागची हलली नाही. "नदीवर नाय जायचं, वहिनी. नळालाच यायला पायजे."

रंगूबाईने हंडा खाली ठेवला आणि ती मंजुळाशेजारी अंगणातच बसली. दोघी दत्तारामकडे बघत राहिल्या. त्याला घरातही जाववेना, तिथे उभंही राहवेना. शेवटी तो वळला आणि टाकीची चढण चढू लागला.

बऱ्याच वेळाने खालून वाडीतून कुणीतरी हाक दिली, पाणी आलं म्हणून. मंजुळाने मुलाला फोन लावला.

"पाणी आलं रे," ती म्हणाली. "अर्ज मात्र देऊनच ये."