बेमालूम सांधा

तेलाच्या भरभराटीत अल-खोबर शहरात निघालेल्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात सौदी मालकाचा नियम एकच होता: रक्त राहू द्यायचे, आलिंगन कापायचे. हे काम रत्नागिरीचा बदरुद्दीन करी. एकदा स्पॅनिश अभियंत्याची पत्नी मुलीसह आली. पूर्वी ती भयपटांतील नटी होती. प्रत्येक चित्रपटात तिचा खून होई, म्हणून मुलीने आईचा एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नव्हता. केवळ अखेरच्या चित्रपटात ती बचावून नायकाला मिठी मारते. तीच कॅसेट हाती पडताच "यात मी मरत नाही" असे वचन मुलीला देऊन ती मोटारीत बसली. "बदरुभाई, मिठी तर तुम्ही कापलीत," काउंटरवरचा हाशम म्हणाला. "मग सिनेमा संपतो कुठं?" "गिऱ्हाइकाला बिनशेवटाची कॅसेट देऊ? जुन्या सिनेमातला खून जोडला. सांधा शोधून दाखव," बदरुद्दीन म्हणाला. "मरण तिचंच लावलंय, परक्या बाईचं नाही."