निवडीचं चित्र

उन्हाळी कला शिबिराच्या अर्जासोबत ताईनं धाकट्या बहिणीनं काढलेलं चित्र स्वतःच्या नावानं पाठवलं. निवड झाली, घरभर कौतुक झालं. धाकटीनं मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शिबिरात राहून तीन आठवडे झाले, पण त्या तोडीचं एकही चित्र ताईच्या हातून उतरलं नाही. पालकभेटीच्या दिवशी सरांनी बाबांना आणि धाकटीला थेट ते चित्र लावलेल्या भिंतीपाशी नेलं.

"याच चित्रावर आम्ही हिला निवडलं. शिवणयंत्रावर वाकलेल्या बाईची पाठ बघा, किती दमलेली दिसते!"

बाबांची छाती फुगली. त्यांनी धाकटीला टपली मारली. "तू बस नुसत्या रेघोट्या ओढत. शिक जरा ताईकडून."

"हो बाबा," धाकटी म्हणाली.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आणि सर पुढे गेल्यावर तिनं धाकटीचा हात घट्ट धरला. "का नाही गं सांगितलंस?"

धाकटी अजून चित्राकडेच बघत होती.

"ताई, आता मला वेगळ्या पद्धतीनं काढायला शिकावं लागेल का गं? नाहीतर पुढच्या वर्षी माझा अर्ज बघून सर म्हणतील, हिनं ताईची नक्कल केली."