कुंचल्याचं टोक

इस्पितळात डॉक्टरांनी क्लेमान्सचा ओठ वर उचलून आरसा समोर धरला. हिरड्यांच्या कडेनं बारीक निळी रेघ होती. "रंगातलं शिसं, बाई. तुमचा उजवा पंजा त्यानंच लुळा पडलाय." ती तडक कारखान्यात गेली. तिथं वीस वर्षं तिनं पॅरिसच्या श्रीमंतांसाठी जुन्या तुर्की धाटणीची ताटं रंगवली होती. आता तिच्या खुर्चीत लेक बसत होती. ओनोरीन कुंचला ओठांत फिरवून टोक काढत होती, आईनंच शिकवलं होतं तसं. "थुंक ते! ऊठ, घरी चल!" "अगं आई, वेड लागलं का? मालक म्हणतात, माझ्या ताटांना खुद्द तुर्क आला तरी फसेल!" क्लेमान्सनं डाव्या हातानं कुंचला हिसकावला. पोरीला वेळेवर गाठलं, एवढ्यानंच तिला हायसं वाटलं. आईचा अवतार बघून ओनोरीन खळखळून हसली. हिरड्यांवर निळी रेघ होती, ताटाच्या काठावर असते तशी.