टिळेकरबाईंचा हात

रक्तातली प्रथिनं मोजणाऱ्या यंत्राकडे प्रयोगशाळेतले सगळे डोळे लावून बसले होते. एकाच रक्ताचे नमुने तीन पद्धतींनी तयार केले होते: दोन परदेशी किट वापरून, तिसरा टिळेकरबाईंच्या हातानं. बाईंच्या नमुन्यात कमी प्रथिनं सापडली, तर त्यांचं बावीस वर्षांचं काम किटकडे जाणार होतं.

पहिल्या किटला सहाशे प्रथिनं सापडली, दुसऱ्याला सातशे. बाईंच्या नमुन्यात नऊशे चाळीस.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी कारण विचारलं.

"नळी हिसडली की तांबड्या पेशी फुटतात, मग बाकीचं सगळं त्या रंगात बुडतं," बाई म्हणाल्या. "मी झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी नळी कलती करते."

दुसऱ्या दिवशी तिघे संशोधक बाईंच्या टेबलापाशी शिकायला आले. बाईंची मान ताठ झाली, आवाज मात्र हळूच राहिला.

"आधी घड्याळं काढा. मनगटातली घाई नळीत उतरते."