डोया

बन्सीलालांनी तिन्ही खोकी सतरंजीवर मांडली आणि मुलांकडे बघत राहिले.

“यातला कुठला खेळायचा?”

“बाबा, तिन्हींचं प्लास्टिक फाडलंत?” मृणाली म्हणाली. “दीपचंदशेठ आता एकही परत घ्यायचे नाहीत.”

शेठनी तेच बजावून सांगितलं होतं. घरी न्या, एक ठेवा, दोन परत आणा, फक्त प्लास्टिक काढू नका. पण न काढता आत काय आहे ते कळायचं कसं? दुकानातच त्यांचा गोंधळ उडाला होता. मोठ्या माणसांचा खेळ द्या, असं त्यांनी सांगितलं, डोकं लागलं पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे. शेठनी भिंतभर खोकी दाखवली. त्यातलं हसू येणारं कुठलं, ते वरून काही दिसत नव्हतं.

आकाश बूट घालून दारात उभा होता. पुण्याला उद्या निघायचं ठरलं होतं. पण ऊन कललं की आजच निघू, असं तो सकाळपासून म्हणत होता. बायको, द्रौपदाबाई, गेल्यानंतर मुलं धुळ्यात पहिल्यांदाच एकत्र आली होती आणि कालपासून जो तो आपापल्या खोलीत होता. बन्सीलालांनी पत्ते काढले, तर आकाशनं ते उचलून कपाटात ठेवून दिले. पत्ते आईच वाटायची. म्हणून ते भर उन्हात दुकान गाठून आले होते. सगळ्यांनी एका सतरंजीवर बसावं, दुसरं काही नाही.

पहिल्या खोक्यात खून झाला होता आणि तो कोणी केला हे शोधायचं होतं. “हा नको,” म्हणून मृणालीनं झाकण लावलं. दुसऱ्याचे नियम सुनेनं, स्नेहलनं, मोठ्यानं वाचले. लाकूड देऊन विटा घ्यायच्या, विटा देऊन मेंढ्या घ्यायच्या, मेंढ्या देऊन रस्ता बांधायचा.

“ही बाजार समिती आहे का?” बन्सीलालांनी विचारलं.

तिसऱ्यात लाकडी सोंगट्या होत्या. एकेकीवर एकेक अक्षर, कोपऱ्यात त्याचे गुण. शब्द जुळवायचे.

“हा सोपा आहे, बाबा,” स्नेहल म्हणाली. ती सातारची. “शब्दकोशात असेल तो शब्द चालतो. नसला तर पाळी गेली.”

“आकाश, ये,” बन्सीलाल म्हणाले.

“तुम्ही खेळा. मी बघतो.”

पहिली पाळी बन्सीलालांची. त्यांनी सोंगट्या पुढ्यात लावल्या, पुन्हा लावल्या. स्नेहलनं वाकून पाहिलं.

“बाबा, ‘ळा’ आलाय तुम्हाला. दहा गुण त्याचे. ‘डोळा’ करा की.”

त्यांनी ‘ळा’ उचलला आणि खाली ठेवला. ‘या’ उचलला, त्याला एकच गुण होता. एसटीच्या वर्कशॉपात रजेच्या अर्जात त्यांनी डोळाच लिहिलं होतं. घरच्या बोलीत मात्र ‘ळ’चा ‘य’ व्हायचा; तिथं त्यांनी डोळा हा शब्द कधी ऐकला नव्हता. कुठला लावायचा? समोर दोन्ही सोंगट्या होत्या आणि त्यांना खरंच कळेना. शेवटी त्यांनी ‘डो’ ठेवला आणि त्याच्या शेजारी ‘या’ ठेवला.

“डोया?” स्नेहल म्हणाली. “म्हणजे काय?”

“डोळा.”

“मग ‘ळा’च लावा ना.” तिनं मोबाइलवर शोधलं. “नाही दाखवत. हा शब्द नाहीये, बाबा. पाळी गेली तुमची.”

बन्सीलाल पटाकडे बघत राहिले.

“मना डोया दुखी ऱ्हायना,” ते म्हणाले. “असंच सांगितलं होतं तुमच्या आईनं डॉक्टरला. तो तर बाहेरगावचा. शब्दच नसता तर त्यानं थेंब कशात टाकायला सांगितले?”

स्नेहलनं मोबाइल पालथा घातला.

मग मृणालीनं मान खाली घालूनच ‘या’च्या डोक्यावर ‘का’ ठेवला.

“काया.”

“हा आहे,” स्नेहलला सुटल्यासारखं झालं. “काया म्हणजे शरीर. ताई, हा चालतो.”

“हा तो नाही. काया म्हणजे काळा. बिनदुधाचा चहा, काया चा.”

“अहो, पण शरीर म्हणा ना. गुण मिळतील.”

“मला नकोत शरीराचे गुण.”

बन्सीलाल एकदा मुलीकडे, एकदा सुनेकडे पाहू लागले. चुकीचा शब्द धरायचा की नाही, इथवरचा वाद त्यांना समजला होता. पण बरोबर शब्द चुकीचाच आहे म्हणून मुलगी का भांडतेय? खोक्यावरच्या नियमांत असं काही लिहिलेलं नव्हतं.

“मग मी लिहू काय?” स्नेहलनं पेन्सिल वर धरून विचारलं. “बरोबर की चूक?”

दारात बूट निघाल्याचा आवाज झाला. आकाश आत आला, बहिणीला गुडघ्यानं ढकलून त्यानं जागा केली, मांडी घातली आणि सोंगट्या पुढ्यात ओढल्या.

“सरक. मनी पायी शे.”

त्याच्या तोंडून असलं बोलणं बायकोनं लग्नापासून ऐकलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

“पायी? पायी कुठं निघालास?”

“कुठं नाही निघाला,” बन्सीलाल म्हणाले. “बसला तो.”